स्मृतीचा ठावठिकाणा

स्मरणशक्ति ही मनुष्याची मोठी ठेव आहे असें सर्वच म्हणतात; परंतु ही ठेव ठेवलेली कोठें असते, या प्रश्नाकडे माणसाचें लक्ष फार उशिरां गेलें. प्लेटोनें स्मृतीला मेणाच्या पाटीची उपमा दिली. आपल्याकडील नैयायिकांनीं ‘संस्कार’ हा शब्द योजला : अनुभव येऊन जातो, त्याचा संस्कार मागें उरतो, आणि तो जागा झाला म्हणजे स्मरण होतें. दोन्ही कल्पना सुंदर आहेत. पण ती मेणाची पाटी डोक्याच्या कोणत्या कोपऱ्यांत आहे, ती भंगली तर माणसाचें काय होतें, आणि जुना संस्कार शाबूत राहून नवा उठेनासा होणें शक्य आहे काय, हें उपमेवरून कळत नाहीं. तें सांगितलें आजारी माणसांनीं. त्यांतही विशेषेंकरून एका अमेरिकन कामगारानें, ज्याला आपण कांहीं सांगितलें होतें हें स्वतःला पांच मिनिटांनंतर आठवत नसे.

मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळीं कामें करतात, ही गोष्ट १८६१ सालीं पॅरिसचे शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांनीं पुढें मांडली. त्यांच्याकडे आलेला एक रोगी ‘टॅन’ या एका अक्षरापलीकडे जवळजवळ कांहीं बोलूं शकत नसे. समजत मात्र सर्व असे. तो वारल्यावर ब्रोका यांनीं त्याचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूचा पुढला एक भाग नासलेला आढळला. वाणीचें ठाणें सांपडलें, मग स्मृतीचें कां सांपडूं नये, असें पुढच्या पिढीच्या विद्वानांस वाटूं लागलें, तर त्यांत नवल नाहीं.

या पिढींतील फ्रेंच पंडित तेओद्यूल रिबो यांनीं १८८१ सालीं स्मृतीच्या विकारांवर एक ग्रंथ लिहिला. मेंदू बिघडूं लागला म्हणजे नव्या आठवणी आधीं जातात आणि जुन्या मागाहून, असा नियम त्यांनीं बसविला. हा नियम समजण्यास ग्रंथ उघडण्याची गरज नाहीं. सकाळचें औषध घेतलें कीं नाहीं, हें घरांतल्या आजीबाईंना आठवत नाहीं. पण साठ वर्षांपूर्वींच्या लग्नाच्या पंगतींत कोणत्या विहिणीनें काय कुजकें बोलून दाखविलें, तें अक्षरशः आठवतें. घरचे लोक याला सोयीचा विसर म्हणून हांसण्यावारी नेतात. तो सोयीचा नसतो. साठ वर्षांपूर्वींचा संस्कार पक्का होऊन बसलेला असतो. आज सकाळचा अजून ओल्या शाईसारखा असतो आणि हात लागला कीं पुसला जातो.

मॉस्कोचे वैद्य सर्गेई कॉर्साकॉव्ह यांनीं १८८७ च्या सुमारास वर्णिलेले रोगी याहून विलक्षण होते. हे बहुतेक वर्षानुवर्षें मद्यपान केलेले लोक. त्यांचें बोलणें नीटनेटकें, तर्क शाबूत. पत्ते किंवा बुद्धिबळें ते शहाण्या माणसाप्रमाणें खेळत. डाव संपून पट उचलला कीं आपण खेळलों होतों हेंच त्यांना ठाऊक नसे. वैद्य खोलीबाहेर जाऊन लगेच परत आला तर ते त्याचें पुन्हां नव्यानें स्वागत करीत. मधल्या रिकाम्या जागीं ते पुष्कळदां मनची कांहीं हकीकत भरून देत, आणि ती खोटी आहे याची त्यांना स्वतःलाच कल्पना नसे. नुसती दारू हें या रोगाचें कारण नसून तिच्यापायीं शरीराला न मिळणारें ‘ब-१’ जीवनसत्त्व हें मुख्य कारण आहे, हें पुढें विसाव्या शतकांत उलगडलें. त्या उणिवेनें मेंदूच्या पार आंतल्या गाभ्यांतील लहानलहान भाग नासतात.

असाच रोग जडलेली एक बाई जिनीव्हा येथें एदुआर क्लापारेद यांच्या देखरेखीखालीं होती. १९११ सालीं त्यांनीं तिची जी हकीकत प्रसिद्ध केली, ती मानसशास्त्राच्या इतिहासांत अजरामर झाली आहे. या बाईचें वय सत्तेचाळीस. डॉक्टरांना ती रोज पाही आणि रोज अनोळखी मानी. एके दिवशीं क्लापारेद यांनीं बोटांमध्यें टांचणी लपवून तिच्याशीं हस्तांदोलन केलें. टांचणी टोंचली, बाई कळवळली, आणि थोड्याच वेळांत हा प्रसंग साफ विसरून गेली. पुढें क्लापारेद यांनीं पुन्हां हात पुढें केला, तेव्हां तिनें आपला हात झटकन् मागें घेतला. कां, म्हणून विचारतां तिला कारण सांगतां येईना. हात मागें घेण्याचा आपल्याला हक्क नाहीं काय, असें ती म्हणाली. अधिक खोदून विचारल्यावर, कधीं कधीं लोक हातांत टांचण्या लपवितात, एवढें तिच्या तोंडून निघालें. टोंचल्याची आठवण मात्र तिला मुळींच नव्हती.

रोग्यावर असला प्रयोग करणें कितपत योग्य, हा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि तो विचारावाच. परंतु त्या टांचणीच्या टोकानें एक मोठी गोष्ट उघड केली होती : जें आठवत नाहीं, तेंही आंत कोठें तरी राहिलेलें असूं शकतें. दुर्दैवानें पुढें चाळीसएक वर्षें या गोष्टीचा अर्थ कोणी पुरता लाविला नाहीं. रशियांतील बेख्तेरेव्ह यांनीं १९०० सालींच, स्मृति गेलेल्या एका माणसाच्या मेंदूंत दोन्ही कानशिलांच्या आंतला भाग नासलेला असल्याचें दाखविलें होतें. तिकडेही लक्ष गेलें नाहीं.

लक्ष गेलें तें उलट दिशेला. अमेरिकेंतील कार्ल लॅश्ले यांनीं आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें या शोधांत घालविलीं. उंदरांना भुलभुलय्यांतून वाट काढण्यास शिकवावें, मग मेंदूच्या वरच्या आवरणाचा निरनिराळा तुकडा कापून पाहावा आणि शिकलेली वाट कोणत्या तुकड्याबरोबर जाते तें शोधावें, असा त्यांचा क्रम होता. वाट कोणत्याच एका तुकड्याबरोबर गेली नाहीं. जितका भाग अधिक कापावा, तितका उंदीर अधिक मंद होई. कोठला भाग कापला याला फारसें महत्त्व दिसेना. १९५० सालीं या सर्व खटाटोपाचा आढावा घेतांना लॅश्ले यांनीं अर्धवट विनोदानें असें लिहिलें कीं, पुराव्याकडे पाहतां शिकणें ही गोष्टच अशक्य असावी असें कधीं कधीं वाटतें. प्रयोग खोटे नव्हते. परंतु वाट काढतांना उंदीर डोळे, नाक, मिशा आणि पाय या सर्वांचा आधार घेतो. एक गेला तर दुसऱ्यावर भागवितो. शिवाय लॅश्ले यांची सुरी वरच्या आवरणावर चालत होती, आणि स्मृति घडविणारा भाग त्याखालीं खोल दडलेला होता. तथापि लॅश्ले यांचें नांव मोठें होतें. स्मृतीला ठावठिकाणा नाहीं, ती सर्व मेंदूभर पसरलेली आहे, हें मत १९५० च्या सुमारास बहुतेक सर्वांनीं मान्य केलेलें होतें. आणि नेमकें याच वेळीं अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यांत एक तरुण अपस्मारानें हैराण झाला होता.

हेन्री मोलेसन हें त्याचें नांव. जन्म २६ फेब्रुवारी १९२६. आईबापांचा एकुलता एक. वडील विजेचें काम करणारे. लहानपणीं सायकलची टक्कर होऊन तो पडला होता. फेंफरें त्यामुळें जडलें कीं वडिलांच्या कुळांतून आलें, हें शेवटपर्यंत निश्चित झालें नाहीं. दहाव्या वर्षापासून लहान झटके, सोळाव्या वर्षाच्या सुमारास मोठे. शाळेंत मुलांनीं चिडविल्यामुळें त्यानें मध्येंच शाळा सोडली; शिक्षण रखडत रखडत एकविसाव्या वर्षीं संपलें. पुढें हार्टफर्ड शहरीं टंकलेखन-यंत्रांच्या कारखान्यांत तो कामाला लागला. पण औषधांचे मोठाले डोस घेऊनही झटके वाढतच गेले आणि सत्ताविसाव्या वर्षीं काम करणें त्याला अशक्य होऊन बसलें.

विल्यम स्कोव्हिल हे त्या शहरांतील नांवाजलेले शस्त्रवैद्य. त्या काळीं वेडाच्या इस्पितळांतील रोग्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्याची एक लाट आलेली होती, आणि स्कोव्हिल तींत पुढें होते. कानशिलांच्या आंतील भाग दोन्ही बाजूंनीं काढण्याचा प्रयोग त्यांनीं अशा कांहीं रोग्यांवर केला होता. त्या भागांतून अपस्माराचे झटके पुष्कळदां उठतात हें ठाऊक असल्यामुळें, तीच शस्त्रक्रिया त्यांनीं हेन्रीसाठीं सुचविली. २५ ऑगस्ट १९५३ रोजीं ती झाली. हेन्री जागा होता. फक्त डोक्याची कातडी बधिर केलेली होती. भुंवयांच्या वर कवटीला दीड दीड इंच रुंदीचीं दोन भोंकें पाडून, मेंदूचा पुढला भाग हलकेच उचलून, आंतला भाग नळीनें शोषून काढण्यांत आला, एका बाजूचा आणि मग दुसऱ्याही बाजूचा. यांतच ‘हिपोकॅम्पस’ नांवाचा अवयव होता. समुद्रघोड्यासारख्या आकारावरून हें ग्रीक नांव त्याला सोळाव्या शतकांत मिळालें. हेन्रीचे झटके मेंदूच्या कोणत्या एका जागेंतून उठतात, हें विजेच्या आलेखांत कोठेंही दिसलें नव्हतें. दिसलें नसतांनाही दोन्ही बाजू काढल्या गेल्या. ही शस्त्रक्रिया उघड उघड प्रायोगिक होती, असें पुढें शस्त्रवैद्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें. तें लिहिण्याचा प्रामाणिकपणा मान्य करूनही, त्या खोलींतील तरुणाला व त्याच्या आईबापांना ‘प्रायोगिक’ या शब्दाचा अर्थ किती उमगला असेल, याचा विचार मनाला टोंचतो.

झटके खरोखर पुष्कळ कमी झाले. त्या दृष्टीनें शस्त्रक्रिया यशस्वी म्हणावी लागेल. पण इस्पितळांतील परिचारिका हेन्रीला रोज नव्या वाटूं लागल्या. शौचकूपाची वाट त्याला दाखवावी लागे, आणि दाखविलेली लगेच नाहींशी होई. घरीं परतल्यावर आईच्या ध्यानांत सर्व प्रकार आला. तींच मासिकें तो पुन्हां पुन्हां वाची आणि प्रत्येक वेळीं मजकूर त्याला कोरा असे. अंगणांतील गवत कापण्यांत तो तरबेज होता, पण काल वापरलेलें कापणीचें यंत्र कोठें ठेवलें आहे, हें आईला रोज सांगावें लागे. पुढें मोलेसन कुटुंबानें त्याच रस्त्यावर कांहीं अंतरावर बिऱ्हाड बदललें. दहा महिने उलटले तरी नवा पत्ता त्याच्या ध्यानांत राहिला नाहीं, जुना मात्र बिनचूक सांगे. जेवण होऊन अर्धा तास झाला कीं काय जेवलों हें तर राहोच, जेवलों कीं नाहीं हेंही त्याला सांगतां येत नसे. पालथ्या घड्यावर पाणी ओतावें तसा हा प्रकार. फरक एवढाच कीं घडा रिकामा नव्हता. १९५३ पूर्वींचें पाणी त्यांत होतें, वर नवीन कांहीं चढत नव्हतें.

कॅनडांत माँट्रिआल येथें वायल्डर पेनफील्ड हे थोर शस्त्रवैद्य अपस्मारावर शस्त्रक्रिया करीत, परंतु एकाच बाजूच्या. त्यांच्या दोन रोग्यांची स्मृति एका बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर अशीच गेली होती, आणि ते कोडें त्यांना व त्यांच्या सहकारी ब्रेंडा मिल्नर यांना सुटत नव्हतें. दुसरी बाजू आधींपासूनच बिघडलेली असावी, असा त्यांचा तर्क होता. त्यांतील एका रोग्याच्या बाबतींत पुढें मृत्यूनंतरच्या तपासणींत तो खरा ठरला. १९५५ सालीं त्यांचें टिपण वाचून स्कोव्हिल यांनीं, माझ्याकडेही असाच एक रोगी आहे, म्हणून कळविलें. मिल्नर रात्रीच्या गाडीनें निघून हार्टफर्डला पोहोंचल्या.

त्या दिवशीं तारीख होती २६ एप्रिल १९५५. हेन्रीला विचारलें, तेव्हां त्यानें मार्च १९५३ असें सांगितलें आणि आपलें वय सत्तावीस म्हणून दिलें. खोलींत येण्यापूर्वीं कांहीं क्षण तो दुसऱ्या एका डॉक्टरांशीं बोलत होता. त्याचीही आठवण नव्हती. बुद्धिमापनांत त्याला ११२ गुण मिळाले, म्हणजे सामान्य माणसाहून चांगले. स्मृतिमापनांत ६७, आणि तेथेंही ज्या प्रश्नांना जुनी शिदोरी पुरे त्यांवरच त्याची भिस्त होती. बुद्धि आणि स्मृति या दोन वस्तु आहेत, हें इतक्या स्वच्छपणें पूर्वीं कोणाच्या दृष्टीस पडलें नव्हतें. चांगलें पाठ करणारा मुलगा हुशार आणि विसरणारा मठ्ठ, असा हिशेब जे शिक्षक बिनदिक्कत करीत आले, त्यांना हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं लिहून दाखवावे असे आहेत.

एका परीक्षेंत हेन्रीला ५८४ हा आंकडा ध्यानांत ठेवण्यास सांगून त्याला एकट्याला बसवून ठेवलें. पंधरा मिनिटांनीं विचारतां त्यानें तो बरोबर सांगितला. कसा ठेवला, म्हणून विचारलें, तर त्याचें उत्तर असें : ८ ध्यानांत ठेवावा. पांच, आठ आणि चार मिळून होतात सतरा. त्यांतून आठ वजा केले कीं उरले नऊ. नवाचे दोन तुकडे पांच आणि चार. म्हणजे झाले ५८४. क्षणभरही विसावा न देतां तो हें मनांत घोळवीत बसला होता. एक मिनिटानंतर दुसरीकडे लक्ष वळतांच आंकडा गेला, रीत गेली, आणि आपल्याला असा कांहीं आंकडा दिला होता हेंही गेलें. हातांत धरलेली वस्तु आणि कपाटांत ठेवलेली वस्तु यांत जो फरक, तोच येथें उघडा पडला. हेन्रीचा हात ठीक होता, पण कपाटाचें दार बंद झालेलें होतें.

मिल्नर व स्कोव्हिल यांनीं १९५७ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला आणि ही शस्त्रक्रिया दोन्ही बाजूंनीं कधींही करूं नये, असा इशारा त्यांत दिला. हेन्रीचें नांव गुप्त ठेवून ‘एच्. एम्.’ एवढींच अक्षरें छापलीं. त्या अक्षरांनींच तो पुढें पन्नास वर्षें जगभर ओळखला गेला.

क्लापारेद यांच्या टांचणीचा अर्थ याच माणसामुळें लागला. मिल्नर यांनीं त्याला एक चांदणी दिली, दोन रेघांनीं काढलेली. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची. मात्र कागद आणि हात प्रत्यक्ष न पाहतां आरशांत पाहून. ज्यांना हें सोपें वाटत असेल त्यांनीं घरीं करून पाहावें. आरशांत सर्व उलटें दिसत असल्यानें हात भलतीकडे धांवतो आणि कोपऱ्यावर तर अगदीं अडून बसतो. सवयीनें तो हळूहळू सुधारतो. हेन्रीनें तीन दिवस हा सराव केला. प्रत्येक दिवशीं, हें आपण पूर्वीं कधीं केलें आहे असें त्याला वाटत नसे. प्रत्येक दिवशीं सर्व नव्यानें समजावून द्यावें लागे. आणि प्रत्येक दिवशीं त्याचा हात आदल्या दिवशीं जेथें थांबला होता तेथून पुढें सुरू होई. तिसऱ्या दिवशीं रेघ जवळजवळ निर्दोष आली, तेव्हां त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलें; हें अवघड असेल असें वाटलें होतें, पण बरेंच सोपें गेलें, अशा अर्थाचें तो बोलला. हा प्रयोग १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. पोहणें, पेटीवर बोटें फिरविणें, सायकल चालविणें यांची आठवण, आणि काल संध्याकाळीं कोण भेटलें याची आठवण, या निरनिराळ्या आहेत. एकीला हिपोकॅम्पस लागतो, दुसरीला लागत नाहीं. मेंदूच्या खोल गाभ्यांतील कांहीं गांठी आणि पाठीमागचा लहान मेंदू हातांच्या विद्या सांभाळतात. भाषेनें या दोहोंना एकाच शब्दाखालीं कोंबलें, म्हणून विद्वानही इतकीं वर्षें फसले.

मग आठवण घडते कशी? पाहिलेलें मेंदूच्या मागच्या भागांत, ऐकलेलें कानशिलाकडे, अशा रीतीनें एकाच प्रसंगाचे धागे निरनिराळ्या ठिकाणीं उमटतात. हिपोकॅम्पस हे धागे एकत्र गुंफतो. पुढें एखादाच धागा हातीं लागला, एखादा वास किंवा एखाद्या गाण्याचा सूर, कीं तो त्यावरून सारा प्रसंग ओढून काढतो. हें पुनःपुन्हां झालें म्हणजे धाग्यांची आपसांतच गांठ पक्की बसते व त्या मध्यस्थाची गरज कमी होते. नवी आठवण कच्ची आणि जुनी पक्की कां, याचें उत्तर यांत आहे. रिबो यांच्या नियमाचें मूळही येथेंच. १९७३ सालीं टिमोथी ब्लिस व तेर्ये लोमो यांनीं सशाच्या हिपोकॅम्पसमध्यें असें दाखविलें कीं, एखाद्या मज्जातंतूच्या वाटेवर लागोपाठ उत्तेजना दिली तर ती वाट तासन् तास, किंबहुना कित्येक दिवस अधिक बळकट राहते. घोकंपट्टीचा हा शारीरिक पुरावा म्हणावा, तर घोकणाऱ्यांना आनंद होईल. पण समजून घेतलेल्या गोष्टीला अधिक धागे असतात आणि म्हणून ती अधिक वाटांनीं सांपडते, हेंही त्याबरोबर सांगावें लागेल.

जुनें पाणी शाबूत होतें असें वर म्हटलें. त्यांत एक दुरुस्ती आहे. शस्त्रक्रियेपूर्वींच्या दोनतीन वर्षांचीच स्मृति पुसली, असें प्रथम वाटलें होतें. एम्. आय्. टी. या संस्थेंतील सुझॅन कॉर्किन यांनीं पुढें वर्षानुवर्षें हेन्रीचा अभ्यास केला, तेव्हां निराळेंच दिसलें. आईबाप कोण, शाळा कोणती, सुट्टींत कोठें जात असूं, हें सर्व त्याला ठाऊक होतें. परंतु अमुक दिवशीं अमुक घडलें, तेव्हां असें दिसलें, असें वाटलें, असा प्रसंग म्हणून सांगतां येण्याजोगें फार थोडें उरलें होतें. तेराव्या वर्षीं लहानशा विमानांतून मारलेली एक फेरी मात्र तो अगदीं रंगवून सांगे. एंडेल टुल्व्हिंग यांनीं १९७२ सालीं ज्ञानाची स्मृति आणि प्रसंगाची स्मृति असे दोन वर्ग केले होते, त्याला हा आधार मिळाला. याहून ठळक आधार दिला टोरोंटोजवळच्या केंट कॉक्रन या माणसानें. १९८१ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत त्याच्या मेंदूला जबर इजा झाली. बुद्धिबळ कसें खेळावें, घरांत कोणती वस्तु कोठें आहे, हें त्याला सांगतां येई; स्वतःच्या आयुष्यांतील एकही प्रसंग आठवत नसे. आणि उद्यां काय करणार, असें विचारलें तर तेथेंही त्याला तशीच पोकळी दिसे. भविष्याचें चित्र भूतकाळाच्याच रंगांनीं काढावें लागतें, ही गोष्ट त्याच्या उत्तरावरून प्रथम शास्त्रज्ञांच्या ध्यानीं आली.

हेन्रीचा स्वभाव गरीब आणि आर्जवी होता. शब्दकोडीं सोडविण्याचा त्याला नाद असे. आपण आतांच कांहीं वावगें बोललों किंवा केलें तर नाहीं ना, ही एक धास्ती त्याला वारंवार वाटे. कारण मागचा क्षण त्याच्या हातीं नव्हता. प्रत्येक दिवस हा एकटाच असतो, त्यांतलें सुख आणि दुःख त्याच्यापुरतेंच, अशा अर्थाचें एक वाक्य त्याच्या तोंडून निघालेलें नमूद आहे. आवडत्या काकाच्या मृत्यूची वार्ता त्याला सांगितली, तेव्हां तो कळवळला, विसरला, आणि काकाची पुन्हां चौकशी करूं लागला. १९६६ सालीं वडील वारले. पुढें आई शुश्रूषागृहांत गेल्यावर तो खिशांत एक चिठ्ठी बाळगीत असे, तीवर त्यानें स्वतःच्या हातानें लिहिलेलें असे कीं वडील वारले आहेत, आई शुश्रूषागृहांत आहे व तिची प्रकृति ठीक आहे. शोक पुन्हां नव्यानें करावा लागूं नये, म्हणून माणसानें केलेली ही तजवीज कोणत्याही परीक्षेच्या आंकड्यांपेक्षां अधिक सांगते.

तरीही घडा अगदींच पालथा नव्हता. १९५८ पासून ज्या घरांत तो वर्षानुवर्षें राहिला त्याचा नकाशा त्यानें बिनचूक काढून दाखविला. नाण्यावरचा चेहरा कॅनेडींचा आहे हें त्यानें ओळखलें, आणि कॅनेडी तर १९६१ सालीं अध्यक्ष झाले! रोजच्या रोज हजारों वेळां गेलेल्या वाटेवर, मध्यस्थावांचूनही थोडेसें गवत तुडविलें जातें.

या एका रोग्यामुळें इतरांचें केवढें नुकसान टळलें, तेंही सांगितलें पाहिजे. जून वाडा यांनीं १९४९ सालीं जपानांत एक रीत काढली होती : मानेंतील एका बाजूच्या रोहिणींत गुंगीचें औषध टोंचून अर्धा मेंदू कांहीं मिनिटें निजवावयाचा. मिल्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं माँट्रिआल येथें ती स्मृतीच्या परीक्षेसाठीं वापरली. जो भाग काढावयाचा आहे तो निजला असतां उरलेल्या भागाला आठवण ठेवतां येते कीं नाहीं, हें शस्त्रक्रियेपूर्वींच कळूं लागलें. १९८६ सालीं आणखी एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मेंदूचा रक्तपुरवठा अपुरा पडून त्याची स्मृति गेली होती. मरणोत्तर तपासणींत हिपोकॅम्पसमधील पेशींचा एक विशिष्ट पट्टाच काय तो दोन्ही बाजूंनीं नष्ट झालेला आढळला. तेवढें नुकसानही पुरेसें असतें.

हेन्री मोलेसन २ डिसेंबर २००८ रोजीं, ब्याऐंशीव्या वर्षीं वारला, आणि त्याचें खरें नांव तेव्हां जगाला कळलें. मेंदूच्या दानपत्रावर १९९२ सालीं त्याची व त्याच्या पालकाची सही झाली होती; सही केल्याचें ज्याला आठवणार नाहीं अशा माणसाच्या संमतीचा अर्थ काय, यावर अद्याप वाद चालतो आणि तो सहज मिटण्यासारखा नाहीं. त्याचा मेंदू कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें नेण्यांत आला. तेथें डिसेंबर २००९ मध्यें याकोपो अनेझे यांनीं गोठविलेल्या त्या मेंदूचे ५३ तासांत २४०१ काप केले. एकेक काप मिलिमीटरच्या शंभरांश सात भाग जाडीचा. जगांतील हजारों लोकांनीं तें काम चालू असतांना प्रत्यक्ष पाहिलें.

त्या कापांचा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. स्कोव्हिल यांनीं काढलेल्या भागाची लांबी त्यांच्या समजुतीप्रमाणें आठ सेंटिमीटर होती. ती तेवढी नाहीं, पांचाच्या आसपास आहे, हें हेन्रीच्या हयातींतच चुंबकीय चित्रांवरून कळून चुकलें होतें. आतां असें दिसलें कीं हिपोकॅम्पसचा मागचा बराचसा भाग दोन्ही बाजूंस जागच्या जागीं शिल्लक होता. नाहींसा झाला होता तो त्याच्याकडे जाणारा रस्ता, म्हणजे लगतचें आवरण, जेथून मेंदूच्या इतर भागांची सर्व वार्ता हिपोकॅम्पसला पोहोंचते. पंचावन्न वर्षें तो उरलेला तुकडा निरोपाची वाट पाहत बसला होता कीं त्यानेंच तो घराचा नकाशा आणि नाण्यावरचा चेहरा कसाबसा टिपून घेतला, याविषयीं शास्त्रज्ञांचें अजून एकमत झालेलें नाहीं.